चौतीस टक्के कुणाच्या उन्हात?

यंदा सौरपंपाचे अर्ज भरायच्या दिवसांत आमच्या भागात एक वाद सुरू झाला आणि तो अजून थांबलेला नाही. माझ्याकडे कधीकाळी बारावीचं भौतिकशास्त्र शिकलेली पोरं आता शेती करतात, कुणी मोटर वाइंडिंगचं दुकान चालवतो. वावरात जाता-येता ती मला थांबवून विचारतात. एकाचं म्हणणं असं, "सर, चौतीस टक्केवालं पॅनल येऊन रायलं म्हणते. मंग हे एकवीस टक्केवालं कायले घ्यायचं? दोन साल थांबून जातो." शेजारी बसलेले त्याचे काका तिथल्या तिथे उत्तर देतात, "ते पाण्यात विरघळते म्हणते बाप्पा. एका पावसाळ्यात खतम होईन." मग दोघंही माझ्याकडे पाहतात, कोण बरोबर हे मी एका शब्दात सांगावं म्हणून.

एका शब्दात सांगता येत नाही, कारण दोघंही एकाच अर्धवट प्रश्नाला उत्तर देत आहेत. 'किती टक्के' या प्रश्नाला 'कुठल्या उन्हात आणि किती वर्षं' ही जोड दिली नाही तर त्याला काही अर्थच उरत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. त्या चौतीसमागे पेरोव्स्काइट नावाचा नवा पदार्थ आहे, आणि ते खरं आणि मोठं विज्ञान आहे. त्याची कार्यक्षमता, म्हणजे पडलेल्या उन्हातले किती टक्के वीज होतात ते, कुठे अडते याचे पत्ते शास्त्रज्ञांना बऱ्यापैकी ठाऊक आहेत. पण हे अडथळे विदर्भाच्या उन्हापावसात पार झाल्याचं कुणी दाखवत नाही, तोवर एकाही शेतकऱ्याने त्यासाठी आपला अर्ज थांबवू नये आणि सरकारनेही ते कुठल्या योजनेतून वावरात उभं करू नये.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. १८३९ मध्ये गुस्ताव रोझ या जर्मन खनिजतज्ज्ञाला उरल पर्वतातल्या दगडांत कॅल्शियम टायटॅनेटचं एक खनिज सापडलं. रशियातल्या पेरोव्स्की नावाच्या सरदाराच्या नावावरून त्याला पेरोव्स्काइट म्हणू लागले. आजच्या सौर सेलमध्ये, म्हणजे पॅनलमधल्या वीज करणाऱ्या एकेका तुकड्यात, ते खनिज नसतं. तशीच अणुरचना असलेलं, शिसं, आयोडीन आणि एखादा सेंद्रिय रेणू यांचं बनवलेलं स्फटिक असतं. २००९ मध्ये जपानमध्ये त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने त्यापासून ३.८ टक्के कार्यक्षमतेचा सेल केला. त्यात द्रव इलेक्ट्रोलाइट, म्हणजे वीज वाहून नेणारा द्रव, होता आणि तो द्रवच स्फटिकाला खाऊन टाकायचा, सेल काही मिनिटांत निकामी व्हायचा. २०१२ मध्ये दक्षिण कोरिया आणि ब्रिटनमधल्या गटांनी द्रवाच्या जागी घन थर वापरला आणि आकडा १० टक्क्यांच्या आसपास गेला. आज एकट्या पेरोव्स्काइटचा प्रयोगशाळेतला विक्रम २६ टक्क्यांच्या पुढे आहे. नेहमीच्या पॅनलमधल्या सिलिकॉनला १९५४ मधल्या बेल प्रयोगशाळेतल्या ६ टक्क्यांपासून तिथवर यायला जवळपास साठ वर्षं लागली. म्हणून याला खूळ म्हणणाऱ्या काकांशी माझं पहिलं भांडण आहे.

पण पोराचंही ऐकून घेता येत नाही. चौतीस टक्के हा आकडा एकट्या पेरोव्स्काइटचा नाहीच. २०२४ मध्ये लोंगी या चिनी कंपनीने ३४.६ टक्के जाहीर केले, ते सिलिकॉनच्या सेलवर पेरोव्स्काइटचा थर चढवून. दोन मजली घर ते. आणि एका थराला छप्पर असतंच, कितीही शुद्ध माल वापरला तरी.

हे छप्पर १९६१ मध्ये विल्यम शॉक्ली आणि हान्स क्वाइसर यांनी गणिताने दाखवून दिलं. वर्गात मी ते धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, उदाहरणाने सांगायचो. पदार्थातल्या इलेक्ट्रॉनला विजेच्या कामाला लावायचं तर त्याला एक धुरा ओलांडावा लागतो. उजेडाच्या कणात तेवढा जोर नसेल तर इलेक्ट्रॉन उडी घेत नाही आणि तो उजेड वाया जातो. जोर जास्त असेल तर उडी उंच जाते, पण इलेक्ट्रॉन खाली पडून शेवटी धुऱ्याच्या उंचीवरच थांबतो, वरची सगळी ऊर्जा उष्णता होऊन जाते. धुरा ठेंगणा केला तर पुष्कळ इलेक्ट्रॉन ओलांडतात, पण प्रत्येकाचं व्होल्टेज कमी. उंच केला तर व्होल्टेज चांगलं, पण ओलांडणारे मोजकेच. धुऱ्याची उंची इलेक्ट्रॉनव्होल्ट या ऊर्जेच्या मापात मोजतात. या दोन्हींचा सर्वांत चांगला मेळ १.३४ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास बसतो आणि तिथे मर्यादा सुमारे ३३ टक्के. नेहमीच्या पेरोव्स्काइटचा धुरा १.५ ते १.६ असतो, त्यामुळे त्याचं छप्पर तीस-एकतीस-बत्तीसच्या घरात. सिलिकॉनचं एकोणतीसच्या थोडं वर. म्हणजे एकेकटे उभे केले तर दोघांत फरक आहे तो दोन-तीन टक्क्यांचा. यासाठी दोन हंगाम रात्रीच्या लाईनवर काढायचे का?

छपराच्या खालची गोष्ट मात्र जास्त महत्त्वाची, कारण ती माणसाच्या हातात आहे. इलेक्ट्रॉन धुरा ओलांडून आला, आता त्याला तारेपर्यंत पोचायचं आहे. विहिरीपासून शेवटच्या वाफ्यापर्यंत पाटाने पाणी नेताना उंदरांच्या आणि खेकड्यांच्या बिळांत किती मुरतं ते आपण जाणतो. स्फटिकात अशी बिळं म्हणजे दोष : कुठे आयोडीनचा अणूच जागेवर नाही, कुठे दोन स्फटिककणांची हद्द नीट जुळलेली नाही, कुठे वरच्या-खालच्या थरांशी सांधा खडबडीत. अशा जागी इलेक्ट्रॉन अडकतो, मागे राहिलेल्या रिकाम्या जागेला जाऊन मिळतो, आणि वीज न होता नुसती उष्णता होते. पेरोव्स्काइटचं नवल असं की आतल्या बऱ्याचशा दोषांना ते जुमानत नाही, सिलिकॉनसारखी कमालीची शुद्धता मागत नाही. म्हणून तर द्रावणाचा पातळ थर देऊन शंभर-दीडशे अंशांवर वाळवला तरी चांगला सेल होतो, जिथे सिलिकॉनला १,४०० अंशांवर वितळवावं लागतं. गळती मुख्यतः पृष्ठभागावर आणि थरांच्या सांध्यांवर होते. गेल्या दहा वर्षांतली पुष्कळशी प्रगती ही सांधे बुजवण्याचीच आहे.

यात एक गाठ अशी आहे जी सिलिकॉनमध्ये नव्हतीच. सिलिकॉनमधले अणू जागेवर बसलेले असतात. पेरोव्स्काइटमधले आयोडीनचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, चालतात. उजेड, उष्णता आणि विजेचा दाब मिळाला की ते एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकतात, कडेला जाऊन साचतात, धातूच्या तारेपर्यंत जाऊन तिला गंजवतात. म्हणजे आज बुजवलेलं बीळ उद्या दुसरीकडे उघडतं. सुरुवातीच्या काळात तर एकच सेल व्होल्टेज चढवत मोजला की एक आकडा आणि उतरवत मोजला की वेगळा, असं व्हायचं. दोन मजली सेलसाठी वरच्या थराचा धुरा थोडा उंच हवा, म्हणून आयोडीनमध्ये ब्रोमीन मिसळतात. उन्हात ठेवलं की ही दोघं वेगवेगळी होऊ लागतात, आयोडीनच्या खळग्या तयार होतात, इलेक्ट्रॉन तिथे घरंगळतात आणि व्होल्टेज पडतं. ज्या उन्हासाठी ही वस्तू केली, तेच ऊन तिची घडी विस्कटतं.

आकाराचं बोलून पुढे जातो. विक्रम बहुतेक वेळा बोटाच्या नखाएवढ्या तुकड्यावर मोजलेले असतात. पॅनल दोन चौरस मीटरहून मोठं. एवढ्या काचेवर केसाच्या शंभराव्या भागाएवढा थर सगळीकडे सारखा बसवायचा, पारदर्शक वाहक थरातून वीज आडवी न्यायची, तिथे रोध, म्हणून लेझरने पट्ट्या पाडायच्या, आणि पट्ट्यांमधली जागा काहीच देत नाही. एकामागे एक जोडलेल्या पट्ट्यांत सर्वांत दुबळी पट्टी सगळ्यांचा प्रवाह ठरवते. ऑक्सफर्ड पीव्ही या कंपनीने २०२४ मध्ये व्यापारी तत्त्वावर पहिली पॅनल पाठवली, ती अशीच दोन मजली होती आणि त्यांची कार्यक्षमता २४.५ टक्के. तो आकडा चांगलाच आहे. पण मोबाईलवर फिरणारे चौतीस आणि ट्रकमध्ये चढलेले साडेचोवीस यांतली तफावत पोरांनी कागदावर लिहून ठेवावी.

आता माझ्याविरुद्धचा सर्वांत दमदार मुद्दा, आणि तो मी मनापासून मान्य करतो. पॅनलवर छापलेली कार्यक्षमता सेलचं तापमान २५ अंश असताना मोजलेली असते. आमच्याकडे नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्यात हवाच ४५-४६ अंशांची असते, आणि उन्हातलं पॅनल सहज ७० वर जातं. सिलिकॉनचं उत्पादन दर अंशामागे सुमारे ०.३५ टक्क्यांनी घटतं. पंचेचाळीस अंश जास्त म्हणजे जवळपास सोळा टक्के घट, एकवीसचं पॅनल साडेसतरावर येतं. पेरोव्स्काइटची घट साधारण याच्या निम्मी. मग तापलेल्या विदर्भासाठी हीच वस्तू योग्य नाही का? कागदावर आहे. उन्हाळ्यात संत्र्याची फळं झाडावर टिकवायला धडपडणाऱ्या वरूड-मोर्शीच्या बागायतदाराला हा फरक लाखमोलाचा ठरेल. जोडीला हेही खरं, की सिलिकॉन आपल्या छपराला टेकत आलं आहे. पुढची मोठी उडी घ्यायची तर वर दुसरा मजला चढवावाच लागेल.

पण ७० अंशांचा हिशेब एका दुपारचा नाही. तीच उष्णता रोज, महिनोन् महिने मिळाली की मिथिलअमोनियम हा सेंद्रिय रेणू असलेलं पेरोव्स्काइट विघटित होऊ लागतं, सेंद्रिय भाग वायू होऊन निघतो आणि मागे पिवळं लेड आयोडाइड उरतं. म्हणून त्याच्या जागी फॉर्मॅमिडिनियम हा दुसरा सेंद्रिय रेणू वापरतात. ते उष्णता सोसतं, पण नेहमीच्या तापमानाला त्याचं काळं, उजेड टिपणारं रूप पिवळ्या निकामी रूपात बदलू पाहतं आणि ओल लागली की हा बदल लवकर होतो. ते काळं टिकवायला सिझियम हा धातू मिसळावा लागतो. एक धरावं तर दुसरं सुटतं, अशी ही ओढाताण आहे. आणि आमच्याकडे दोन्ही टोकं एकाच वर्षात येतात : मेमधली भट्टी, मग मृगाच्या सरींपासून चार महिने ओल, मग डिसेंबरात पहाटे दहा अंशांच्या खाली अन् दुपारी पॅनल पन्नाशीत. काच, थर, कडेचा सीलबंद पट्टा, प्रत्येकाचं प्रसरण वेगळं. सील कुठे सुटलं की ओल आत गेलीच.

"पण कंपन्या कसोट्या पास करतात ना सर?" करतात. पॅनलच्या नेहमीच्या आंतरराष्ट्रीय कसोटीत ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत पॅनल १,००० तास ठेवतात. १,००० तास म्हणजे बेचाळीस दिवस. सिलिकॉनसाठी ही कसोटी पुरेशी वाटते, कारण सिलिकॉनची पॅनल कशी बिघडतात हे आपण अनेक दशकं छपरांवर आणि माळांवर पाहिलं आहे. कसोटी त्या अनुभवातून घडली. पेरोव्स्काइट मात्र उजेड, उष्णता आणि व्होल्टेज एकत्र आले की बिघडतं, आणि ती कसोटी तर अंधारात होते. रात्री सेल थोडा सावरतो, दिवसा पुन्हा ढासळतो, या चढउताराचं शेवटी काय होतं हे बेचाळीस दिवसांत कळत नाही. सावलीचं तर आमचं खास दुखणं. पंपाच्या पॅनलशेजारी तूर असली की नोव्हेंबरात तिचे शेंडे खालच्या ओळीवर सावली धरतात. सावलीतल्या सेलमधून बाकीचे सेल उलट्या दिशेने दाब देतात. सिलिकॉनच्या पॅनलमध्ये यासाठी बायपास डायोड, म्हणजे वीज बाजूने वळवून नेणारे भाग, असतात आणि सेलही बराच उलटा दाब सोसतो. पेरोव्स्काइटचा सेल थोड्याशा उलट्या दाबानेही कायमचा दुखावू शकतो.

म्हणून मी पोरांना टक्क्यांऐवजी वर्षांचा गुणाकार करायला लावतो. समजा एक पॅनल २० टक्क्यांचं, दरसाल अर्धा टक्का झिजणारं. पंचवीस वर्षांची बेरीज केली तर सुमारे ४७१ येते. दुसरं ३० टक्क्यांचं, पण दरसाल दहा टक्के झिजणारं. त्याची बेरीज सुमारे २७८. दीडपट जोरदार पॅनल पंचवीस वर्षांत निम्म्याहून थोडीच जास्त वीज देऊन जातं. हेच तीसचं पॅनल दरसाल चार टक्के झिजलं तर बेरीज ४८० होते आणि ते जेमतेम पुढे निघतं. त्याहून कमी झिजलं तर ते खरंच जिंकलं. सगळा वाद या झिजेच्या आकड्यावर येऊन थांबतो आणि विक्रमांच्या बातम्यांत तोच आकडा नसतो.

असं आधी झालं आहे. कॉपर सल्फाइड आणि कॅडमियम सल्फाइड यांचा पातळ थराचा सेल १९८० च्या सुमारास १० टक्क्यांच्या वर गेला होता. स्वस्त, करायला सोपा, सिलिकॉनला मागे टाकेल अशी आशा होती. त्यातलं तांबं स्फटिकातून सरकत राहिलं, सेल बिघडत गेले आणि तो मार्ग सोडून द्यावा लागला. चालते आयन ही गोष्ट नवी नाही. अमॉर्फस, म्हणजे स्फटिकरचना नसलेल्या, सिलिकॉनचंही तसंच, उन्हात ठेवलं की त्याची कार्यक्षमता पहिल्या काही महिन्यांतच खाली यायची. पण या गोष्टींवरून 'म्हणून पेरोव्स्काइटही जाणार' असा निष्कर्ष काढणारे काका घाई करतात. द्रवाने विरघळणारा २००९ चा सेल तीन वर्षांत घन झाला. पाण्यात विरघळतं हे खरं, पण कापूसही भिजतो, म्हणून आपण कापूस पिकवणं सोडलं नाही. प्रश्न सील किती काळ टिकतं हा आहे आणि तो मोजून सुटणारा प्रश्न आहे.

आमच्या मातीतलं उदाहरण द्यायचं तर बीटी कपाशीचं देतो. २००२ मध्ये ती आली तेव्हा हिरव्या बोंडअळीवर तिचा गुण आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या तंत्रज्ञानाला एक अट होती : कडेने बिगर-बीटी कपाशीच्या ओळी लावायच्या, म्हणजे अळीत प्रतिकारशक्ती लवकर येणार नाही. पाकिटासोबत ते बियाणं यायचं आणि बहुतेकांनी ते पेरलंच नाही, कारण का पेरायचं हे कुणी बांधावर येऊन नीट समजावलं नाही. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भाची बोंडं आतून पोखरली. त्या हिवाळ्यात मी हिरव्यागार दिसणाऱ्या पऱ्हाटीतली बोंडं फोडून पाहिली आहेत, आत नुसती कवडी. तंत्रज्ञान खोटं नव्हतं. त्याच्या अटी शेतकऱ्यापर्यंत पोचल्या नाहीत आणि त्याची किंमत शेतकऱ्याने भरली. पेरोव्स्काइटच्या अटी आज, ते वावरात यायच्या आधी, मराठीत सांगायला हव्यात.

शिशाचाही प्रश्न टाळू नये. एका चौरस मीटरमागे ते एका ग्रॅमपेक्षा कमीच असतं, आणि सिलिकॉनच्या पॅनलमध्येही जोडकामाच्या डागात शिसं असतंच. फरक इतकाच की इथलं शिसं पाण्यात सहज सुटणाऱ्या रूपात आहे. फेब्रुवारी-मार्चची गारपीट आम्हाला नवी नाही. फुटलेलं पॅनल धुऱ्यावर पडून राहतं, त्याच्याखालून पाणी विहिरीकडे जातं. म्हणून विकणाऱ्यानेच फुटलेलं पॅनल परत न्यायचं, ही अट विक्रीच्या कागदावर पहिल्या दिवसापासून हवी.

आणि माझी खरी मागणी अशी आहे. तुरीचं किंवा हरभऱ्याचं नवं वाण आमच्या कृषी विद्यापीठाकडून शिफारस होऊन येतं, त्याआधी ते वेगवेगळ्या ठिकाणी, अनेक हंगाम पेरून पाहिलं जातं. दुसऱ्या देशात चांगलं आलं म्हणून कुणी ते थेट आमच्या काळ्या जमिनीत लावा म्हणत नाही. मग पंचवीस वर्षं उभ्या राहायच्या पॅनलला हा नियम का नको? आयआयटी मुंबईत पेरोव्स्काइट आणि सिलिकॉनच्या दोन मजली सेलवर चांगलं काम चालू आहे. ते सेल मुंबईच्या प्रयोगशाळेतून अकोल्याच्या विद्यापीठाच्या वावरात आणि चंद्रपूरच्या एखाद्या माळावर आणून ठेवा. शेजारी सिलिकॉनचं पॅनल ठेवा. दर महिन्याला दोघांनी किती युनिट दिली ते फलकावर लिहा आणि गावातल्या पोरांना येऊन वाचू द्या. चंद्रपूर, कोराडी, खापरखेड्याच्या चिमण्यांचा धूर या प्रदेशाने राज्याच्या विजेसाठी दशकानुदशकं सोसला. पुढच्या काळाची वीज कुठे पारखायची, यात पहिला मान आमच्या उन्हाचा असायला हवा.

तोवर अर्जाचं काय? मी त्या पोराला सांगितलं, भर. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के आहे, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के, आणि पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आहे. रात्री दोन वाजता लाईन आली म्हणून बॅटरी घेऊन हरभऱ्याला पाणी द्यायला जाताना पायाखाली साप येतो, तो पॅनल एकवीसचं की चौतीसचं हे विचारत नाही. त्याने पुन्हा विचारलं, "आन् सर, दहा सालानं ते चांगलं निघालं तर?" तर पॅनल बदलता येतात. लोखंडी सांगाडा, विहीर, पाइप, मोटर तिथेच राहतील. फक्त नव्या पॅनलचं व्होल्टेज कंट्रोलरला, म्हणजे पॅनलची वीज मोटरला पुरवणाऱ्या पेटीला, झेपतं का ते आधी पाहावं लागेल, म्हणून कंट्रोलरच्या पाटीवर लिहिलेले आकडे आजच वहीत उतरवून ठेव, उन्हाने ती पाटी दोन वर्षांत पुसून जाते.